अधिपतीचा डावा कान

कुठलंही नवं पात्र समोर आलं की दत्तूमामा पहिल्यांदा एकच विचारायचे, "ह्याची आई कोण?" मग ते पात्र माणूस असो, यंत्रमानव असो, नाहीतर परग्रहावरचं सहा पायांचं जनावर असो. आम्ही हसायचो, मामा हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून, चित्राचा कागद हातात धरून ते उत्तराची वाट बघत उभे राहायचे. उत्तर मिळेपर्यंत शाडूच्या गोळ्याला हात लावायचे नाहीत. "आई ठाव न्हाय तर तोंड कुणावर काढू? माझ्यावर काढू?"

मामा जाऊन आठ महिने झाले. परवा त्यांच्या मंडळाची पोरं घरी आली होती, स्मरणिकेसाठी मामांवर चार ओळी मागायला. "तुम्ही त्यांच्या लाडक्या, ताई. तुमच्याइतकं कोण लिहिणार?" मी नाही म्हणाले. पोरांची तोंडं उतरली. पण चार ओळींत मामा मावत नाहीत, आणि मी जे लिहीन ते स्मरणिकेत कुणी छापणार नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर केदार सरांचा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. मुंबईच्या एका कंपनीचे अंतराळावरचे तीन सिनेमे तेव्हा देशभर गाजले होते. त्यांतला खलनायक म्हणजे अधिपती. तिन्ही सिनेमांत त्याच्या तोंडावरचा लोखंडी मुखवटा एकदाही उतरत नाही. आता कंपनीला त्या सिनेमांच्या आधीची गोष्ट हवी होती, दहा भागांच्या ॲनिमेशन मालिकेत. अधिपती लहानपणी कोण होता, कसा दिसायचा, त्यानं मुखवटा का चढवला. काम आमच्याकडं आलं, आणि अधिपतीचा लहानपणचा चेहरा काढायचं काम माझ्याकडं आलं. मी गडमुडशिंगीहून रोज बसनं येणारी मुलगी. तोवर दुसऱ्यांनी काढलेल्या पात्रांची बटणं आणि चपला रंगवत होते. या मालिकेच्या शेवटी 'पात्ररचना' या शब्दापुढं माझं नाव येणार होतं. ते कबूल झाल्या दिवशी मी आईला फोन करून तीन वेळा तेच सांगितलं होतं.

मामा मूळचे गणपती करणारे, कुंभारांच्या गल्लीतले. केदार सरांनी त्यांना पात्रांचे शाडूचे नमुने करायला आणलं होतं. चित्र काढणाऱ्याला पात्र सगळ्या बाजूंनी बघता आलं पाहिजे, म्हणून वीतभर उंचीची मूर्ती करून मधल्या टेबलावर ठेवायची. मामांना हे समजवावं लागलं नाही. "कागदावरचं पोरगं पाठमोरं हुतंय व्हय? मग मागनं कसं दिसतंय त्ये तुला कोण सांगणार?" स्टुडिओतल्या खुर्च्यांवर ते कधी बसले नाहीत. कोपऱ्यात गोणपाट अंथरून मांडी घालायचे. मुंबईचे साहेब आले की त्यांना "या पावणं, बसा" म्हणून त्याच गोणपाटाकडं हात करायचे. एक साहेब खरंच बसले होते.

माझा अधिपती दोन महिने काही केल्या जमत नव्हता. मी जे पोर काढी ते लहानपणापासूनच खलनायक दिसे. मामांनी कागद बघितला आणि ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हणाले, त्याची आई कथेत नाही. "कथेत नसंल. पोराला तर हाय न्हवं?" मग मी घरी जाऊन आई तयार केली. पाण्याची वाहतूक करणाऱ्या अंतराळयानावर पंप दुरुस्त करणारी, हात कायम काळे, पोराला कामावर घेऊन जाणारी बाई. दुसऱ्या दिवशी चेहरा एका बैठकीत उतरला. कानांवर ओढलेली टोपी, कुणीतरी हाक मारील म्हणून वाट बघणारे डोळे. मामा चित्र बघून म्हणाले, "आता ह्यो वाईट झाला तर मला वाईट वाटंल." तेवढ्यावर थांबले नाहीत. कागद उलटा करून माझ्यापुढं ठेवला. "मागं नाव घाल. तुझं हाय त्ये. उद्या कोणबी म्हणंल माझं." असं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मूर्ती करताना मामांनी टोपी काढून टाकली. टोपीखाली काय आहे हे माहीत नसेल तर टोपी नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि डावा कान त्यांनी जरा बाहेर आलेला, वाकडा केला. मी विचारलं, हा असा का? "आई त्याच कानाला धरून कामावर वढत नेत असंल की." माझ्या चित्रात कान टोपीखाली होते, म्हणजे तो कान जगात फक्त त्या मूर्तीला होता. डोळ्यांची आखणी त्यांनी सर्वांत शेवटी केली, घरी गणपतीची करतात तशी, बोलणं बंद ठेवून.

कंपनीची एक अट होती. दहाव्या भागापर्यंत तो चेहरा स्टुडिओबाहेर जाता कामा नये. मोबाईल दारात ठेवायचे, मूर्तीचा फोटो काढायचा नाही. चेहरा पुरता पाहिलेले आम्ही तिघंच, मी, मामा आणि केदार सर. सरांनी एकदा बघून "छान" म्हटलं आणि मूर्ती कपाटात गेली. मालिका आधी पावसाळ्यात येणार होती, ती दिवाळीनंतरवर ढकलली गेली.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला घेऊन मी देखावे बघायला शहरात आले. मामांच्या गल्लीतल्या मंडळासमोर ही गर्दी. अंतराळात निघालेले बाप्पा, आणि यानाच्या दारात हात जोडून उभं असलेलं एक पोर, काखेत लोखंडी मुखवटा. वर फलक, 'अधिपती लहानपणी असा होता! फक्त आपल्याच मंडळात!' आई म्हणाली, "अगं, हे तर तू काढल्यालं पोरगं न्हवं?" मी घरी तिला तो चेहरा पाटीवर काढून दाखवला होता, ती माझी चूक, ती कबूल करते. पण त्या क्षणी मी चेहऱ्याकडं बघतच नव्हते. पोराच्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि डावा कान बाहेर आलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते फोटो देशभर पोचले. मुंबईहून कंपनीचे दोघं आले. केदार सर मंडळात जाऊन आले होते. पोरांनी त्यांना सांगितलं, "मोबाईलवर फोटो आलता, तो बघून केलं." मग आम्हाला तिघांना समोरासमोर बसवलं. साहेबांनी मामांना विचारलं, मूर्ती बाहेर गेली होती का? मामा नखांतली माती काढत म्हणाले, "मूर्त कपाटात हाय, किल्ली केदारकडं हाय. माझी मूर्त जागची हाललेली न्हाय." मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा घरी काढून दाखवल्याचं मी आधीच कबूल केलं होतं.

मी तेव्हाच कानाचं बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण मामा आता सांगतील, चहा झाल्यावर सांगतील, साहेब खाली उतरले की सांगतील, असं मला वाटत होतं. माणूस गांगरतो, एकदा तोंडातून भलतं निघून जातं, रात्री झोप लागत नाही आणि सकाळी येऊन तो खरं सांगतो. मामा तसेच आहेत याची मला पक्की खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले आणि त्यांनी सरांकडून किल्ली मागून घेतली. मूर्तीला तडा गेलाय, भरतो म्हणाले. गोणपाटावर पाठमोरे बसून तासभर काम करत होते. "सुवर्णा, वाईच पाणी दे गं," म्हणाले. पाण्याची वाटी मीच नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. सर चिडले नाहीत, उठले आणि कपाट उघडलं. मूर्ती हातात घेऊन त्यांनी माझ्यापुढं धरली. "बघ बाई तूच. कुठं आहे वाकडा?" डावा कान उजव्यासारखाच डोक्याला चिकटलेला होता, नीट घोटलेला, वर रंगाचा हात दिलेला. इतकं सफाईदार काम कोल्हापुरात एकच माणूस करू शकत होता. तो माणूस गोणपाटावर बसून पुढच्या मूर्तीचा शाडू मळत होता. सरांनी विचारलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही. "कान पयल्यापासनं तसाच हाय," म्हणाला.

त्या आठवड्यात माझं काम गेलं. मालिकेतून नावही गेलं. मी मामांच्या घरी गेले, भांडायला गेले होते. मामींनी दारातच हाताला धरलं, "वाळलीस गं पोरी," म्हणत पोहे पुढं ठेवले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या आत गेल्यावर मामा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय. नवा साचा पडला की पयली मूर्त आपल्या मंडळाला. माझ्या बानं केलं, मी केलं. मालिका गणपतीच्या आदी येणार म्हनालतं की तुमी. मूर्त कपाटात जायच्या आदीच साचा काढून मी उन्हाळ्यात मंडळाला दिलता. पोरं फलक लावतील हे मला काय ठाव?"

मी म्हणाले, मामा, हे एवढंच सरांना सांगा. चूक झाली म्हणा. ते तुम्हाला काही करणार नाहीत.

"तू शिकल्याली हायस. तुला धा ठिकाणी काम मिळंल. मला ह्या वयात कोण दारात उभं करंल? आनि गल्लीत काय सांगू, दत्तूनं लोकांचा माल इकला म्हणून?" मग ते म्हणाले, "गप ऱ्हा की गं. चार महिन्यांत इसरत्यात समदी." आतून मामींनी विचारलं, चहात आलं घालू का. मामा म्हणाले, "घाल, सुवर्णाला आवडतंय."

मंडळाच्या पोरांना 'फोटो आला होता असं सांगा' हेही मामांनीच पढवलं होतं. परवा स्मरणिकेसाठी आलेल्या पोरांनी ते मला हसत हसत सांगितलं, मामा कसे हुशार होते याचा किस्सा म्हणून. माझं काम गेलं ते त्यापायीच, हे त्या बापड्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना चहा दिला. पण खोटं सांगत नाही, मामा गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं, आणि त्या पोरांसमोर ते आलं.

मालिका आली आणि गाजली. आधीच बाहेर फुटलेल्या चेहऱ्याची जाहिरातच झाली म्हणे. मी आईबरोबर दहावा भाग पाहिला. पोर वळून बघतं तिथं आईनं डोळ्यांना पदर लावला. नंतर नावं आली. पात्ररचनेपुढं स्टुडिओचं नाव होतं. त्याखाली मूर्तिकार म्हणून मामांचं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीनं मामांचा सत्कार ठेवला. मामी स्वतः बसनं गडमुडशिंगीला आमंत्रण घेऊन आल्या, त्यांना नाही म्हणता आलं नाही. पुढच्या रांगेत केदार सर होते, मुंबईचे एक साहेब होते. मामांना फेटा बांधला, शाल दिली. मामांनी माईक घेतला आणि मला मागच्या रांगेतून वर बोलावलं. "ही पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली. गुनाची हाय. हिच्याशिवाय ह्ये काम झालं नसतं." टाळ्या पडल्या. त्यांनी स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.

मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हणाले, "मामा, माईक हातात आहे. सर समोर बसलेत. आता सांगा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं, एवढं मला माणूस कळतं. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला. "तूच सांग," म्हणाले.

खाली मामी होत्या, नवी साडी नेसलेल्या, पहिल्यांदाच खुर्चीवर पुढं बसलेल्या. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मी सांगणार नाही हे मामांना माहीत होतं. दोन वर्षं त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं, माझ्या हाताला कधी भीती वाटते, कधी वाटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी माईक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "मामांकडून मी खूप शिकले." टाळ्या पडल्या. बाकीच्यांच्या थांबल्या तरी मामा एकटेच वाजवत होते.