मी काढलेली अकरा गोदामं: भिवंडी, २००७

लोक वर्षअखेरीला गोव्याला जातात, मी भिवंडीची गोदामं बघायला गेले. हसा, हसून घ्या. आमच्या घरी आधीच हसून झालंय. "कॅमेरा घे हं, शटरचे फोटो काढायला," असं नवऱ्याने मी चपला घालत असताना ऐकवलं.

पण कारण होतं. मी डोंबिवलीत घरी बसून एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी कॉम्प्युटरवर नकाशे काढते. २००७ या एका वर्षात मी भिवंडीची अकरा गोदामं काढली, अगदी पायापासून पत्र्यापर्यंत, आणि एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. या वर्षात मुंबईत मॉल झाले, काचेच्या इमारती झाल्या, पेपरात रंगीत फोटो आले. गोदामाचा फोटो कोण छापणार? आपला टीव्ही, आपल्या चपला, आपली औषधं आधी तिथेच मुक्कामाला असतात, तरी त्याला इमारत म्हणायला कोणी तयार नाही. म्हटलं, आपणच जाऊ.

जाणाऱ्यांसाठी सांगते. कल्याणहून भिवंडीला एसटी मिळते, शेअर रिक्षाही मिळते. रिक्षात चौथा माणूस तुमच्या मांडीवर बसतो, तेव्हा एसटीच बरी. पुढे गोदामांकडे जायला मात्र दिवसभराची रिक्षा ठरवा. कंटेनरच्या रांगांमधून पायी फिरायचा विचारही करू नका, धुळीने डोळे जातील. मला स्टँडवर इस्माईलभाई भेटले. राहणार कामतघर, तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेली, आता रिक्षा. लूमच्या खडखडाटात कान गेलेत, म्हणून सगळं ओरडून बोलतात. "मॅडम, गोदाम में क्या देखेंगे? अंदर माल होता है और बाहर कुत्ता होता है!"

अंजुरफाट्याला मिसळपाव खाल्ला. रस्सा जहाल होता, पाव ताजे. मग दापोडे.

दापोड्याला माझी चार गोदामं एका ओळीत उभी होती. कागदावर बोटाएवढ्या असतात त्या भिंती. इथे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. चारही एकसारखी, राखाडी, एकालाही खिडकी नाही, कारण खिडकी मीच दिली नव्हती. अजून ताब्यात दिली नव्हती, त्यामुळे सामसूम. मागच्या बाजूला एक कावळा ओरडला तर तो चार वेळा ऐकू आला.

एका गोदामाचं शटर अर्धं उघडं होतं. आत शिरले. भर दुपारी बारा वाजता आत संध्याकाळ. वरच्या पारदर्शक पत्र्यांतून फिकट उजेड खाली येत होता. मी न बघता चालत गेले: इतकी पावलं, डावीकडे खांब. होता. पुढे संडास. होता. आपण याआधी कधी आलो नाही आणि तरी प्रत्येक कोपरा पाठ आहे, हे फार विचित्र वाटतं हो. स्वतःच्याच डोक्यात चालत असल्यासारखं.

मग वर बघितलं. मागच्या भिंतीत, पंधरा फुटांवर, एक दार होतं.

जिना नाही, गॅलरी नाही, खाली काही नाही. नुसतं दार, निळा रंग दिलेलं, आतून कडीसुद्धा लावलेली. मला घाम फुटला. पहिल्या नकाशात तिथे पोटमाळा आणि जिना होता. आर्किटेक्टसाहेबांनी रद्द करायला सांगितला, मी जिना पुसला आणि दार पुसायचं विसरले. नंतर तोच नकाशा कॉपी करून पुढची गोदामं काढली. धावत शेजारच्या गोदामामागे गेले. दार. तिसऱ्याला दार. चौथ्याला दार! इतके गवंडी, सुतार, सुपरवायझर येऊन गेले, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, या दारातून जायचं कोणी?

"नक्शे में था तो लगाया होगा," इस्माईलभाई म्हणाले. मग पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मेरे को लूम का आवाज भी ठीक से नहीं आता अब. पर इधर का सन्नाटा सुनाई देता है. चलो इधर से."

चला म्हटलं.

पूर्ण्याला मात्र माणसं होती, गजबज होती, जीव भांड्यात पडला. हे माझं नववं गोदाम, चालू झालेलं. गेटवर खाकी स्वेटर घातलेले वॉचमन, काशिनाथदादा. पन्नाशी उलटलेले, कानात भिकबाळी नाही पण मनगटात जाड चांदीचं कडं. बोलता बोलता कळलं की गोदामाखालची जमीन त्यांचीच. भातशेती होती. "मालक बी मीच, वॉचमन बी मीच," म्हणून हसले. मी नकाशे काढते एवढं सांगितलं, हाच नकाशा काढलाय हे सांगितलं नाही. दाराने आधीच लाज काढली होती.

त्यांनी आग्रहाने डबा पुढे केला: तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. या एका जेवणासाठीसुद्धा पूर्ण्याला जावं. डबा संपल्यावर हात धुऊन म्हणाले, "ताई, तुम्ही नकाशावाल्या, तर एक दाखवतू. या."

आत डाव्या अंगाला सहा-सात बायका लांब टेबलांवर खोकी बांधत होत्या. त्यातली एक दादांची सून, नंदा. तिच्या टेबलाला लागून खांबाजवळ जमिनीतून एक लोखंडी पाईप वर आला होता, कमरेएवढा. त्याला हळदकुंकू लावलेलं, पायाशी वाळलेलं झेंडूचं फूल.

"इथं आमची विहीर हाय," दादा म्हणाले.

"होती," मी म्हटलं.

"न्हाय. हाय." त्यांनी पाईपवर हात ठेवला. आमच्याकडे विहीर बुजवली तरी पाईप ठेवतात, तिला श्वास घ्यायला. कोंडली तर घराला त्रास होतो म्हणतात. दादांनी हट्टाने तो ठेवून घेतला होता आणि दर अमावास्येला येऊन नारळ फोडत होते. सुपरवायझर चेष्टा करायचे. "कान लावा," दादा म्हणाले.

मी कान लावला. गार, ओली हवा गालाला लागली. शेवाळाचा वास. आणि खूप खालून एक आवाज येत होता, कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा. अंगावर सर्रकन काटा आला.

"हवा असेल," मी म्हटलं.

दादांनी खिशातून एक सुपारी काढली आणि पाईपात टाकली. मी वाट बघत राहिले. डुबुक.

बुजवलेल्या विहिरीतून असा आवाज येत नाही. माती घालून बुजवली असती तर सुपारी तिथेच अडकली असती. माझ्या पायाखाली पोकळी होती, पोकळीखाली पाणी होतं, आणि वर टेबलं, खोकी आणि सात बायका होत्या.

"घाई व्हती," दादा हळू आवाजात म्हणाले. "एका दिवसात वर पत्रा टाकला नि सिमेट वतला. मी बघितला ना या डोल्यांनी. मॅनेजरला दहा येला सांगितला, हितं पोकल हाय, बायकांना हलवा. तो बोलतं, काका, नकाशात विहीर दाखवा. नकाशात न्हाय तर विहीर न्हाय." नंदाकडे बघून त्यांचा आवाज चिरकला. "सोमवारपासून हितं लोखंडी रॅक येनार हायेत. तिला बोल्लो कामाला जाव नको. ती बोलतं, मी न्हाय आलो तर दुसरी कोन तरी बसंल."

मी काय केलं? काही नाही. निर्लज्जासारखी पाणी प्यायले, आभार मानले आणि रिक्षात बसले. कारण जमिनीच्या मूळ सर्व्हेत त्या जागी एक गोल होता. मला स्पष्ट आठवत होता. "विहीर बुजवणारच आहेत, दाखवू नको, फाईल उगाच अडकते," असं साहेब फोनवर म्हणाले होते, आणि मी चहा पिता पिता तो गोल निवडून डिलीट केला होता. चहा गारसुद्धा झाला नव्हता.

उरलेली गोदामं बघायची राहिली. परतीच्या एसटीत शेजारची बाई विचारत होती, ताई बरं वाटत नाही का?

घरी आल्या आल्या जुन्या सीडी काढल्या. सर्व्हे सापडला. गोल तिथेच होता. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानात मोठा प्रिंट काढला आणि त्याखाली पेनाने लिहिलं: ही विहीर नकाशावरून मी काढून टाकली. खाली सही. ऑफिसचं नाव कापून टाकावं असं एकदा वाटलं, पण म्हटलं, पुसापुशी बास झाली. मग तशीच भिवंडी गाठली. मॅनेजरने कागद उलटसुलट करून बघितला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जे दादा इतके दिवस ओरडून सांगत होते, ते कागदावर दिसल्याबरोबर दहा मिनिटांत टेबलं हलली! मला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला, त्याचा आणि माझाही.

आठवड्याने लादी फोडली. दादांचा फोन आला. वरचा थर चार बोटं जाडीचा, खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. नंदाच्या टेबलाच्या पायांचे चार खळगे वरच्या थरावर उमटले होते. "पानी कसं हाय?" मी त्यांच्यासारखंच विचारलं. ते म्हणाले, "काढून प्यालो ताई. गोडच हाय."

साहेबांनी मला काम देणं बंद केलं आहे, ते ओघाने आलंच. नवरा आता गोदामांवरून चेष्टा करत नाही. त्या एका दिवसातलं काय उरलं विचाराल, तर ती चार निळी दारं नाहीत. ती कुरूप आहेत, पण त्यांनी कोणी मरत नाही.

काल दुपारी मी बाकीच्या दहा गोदामांचे मूळ सर्व्हे उघडले. कधीच नीट बघितले नव्हते. आठ कोरे आहेत. दोनांत गोल आहे.

दोन्हींचे प्रिंट काढून आणलेत. सही केली आणि इस्माईलभाईंना फोन लावला. ते नेहमीसारखे ओरडले, "मॅडम, फिर से गोदाम देखने?" मी हो म्हटलं आणि सकाळी स्टँडवर थांबायला सांगितलं.