पंखावरचं कापड

गेल्या रविवारी इकडे धारवाडशेजारी, आमच्या गावच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेल विमानांचं प्रदर्शन होतं. माझ्या विमानाचा पहिला नंबर आला... आणि तेव्हापासून घरात माझी मान वर होत नाहीये.

माझं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. विकतचं किट आणायचं नाही, आराखड्यापासून चाकांपर्यंत सगळं घरी करून छोटी विमानं बनवायची. यावेळी दोन सीटचं हलकं विमान करायला घेतलं होतं. बाल्सा लाकडाच्या बरगड्या कापण्यात अख्खा उन्हाळा गेला. जेवणाच्या टेबलावर भुसा, आमटीत भुसा... घरच्यांनी निमूट खाल्ला.

सांगाडा झकास झाला. पण त्यावर रेशमी कापड चढवायची वेळ आली आणि माझी दांडी गुल! ओलं कापड ताणून चिकटवायचं, वरून डोप नावाचं लॅकर मारायचं, मग ते वाळताना ताठ होतं. एका बाजूनं जरा जास्त ओढलं गेलं की पंखच पिळतो. माझा पिळला. काढून परत केलं, परत पिळला. मी अगदी रडकुंडीला आले.

तेव्हा आत्ती उठून आल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, माहेर इथल्याच दुर्गदबैल बाजारातल्या कापडदुकानाचं. म्हणाल्या, "कांजीची साडी एकटीनं ताणतेस का कधी? दोघी लागतात ग. धर तिकडनं."

मग काय... एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. खरं सांगायचं तर ताण त्याच देत होत्या, मी नुसती धरून उभी. डोपच्या वासानं त्यांचं डोकं चढायचं, तरी नाकाला पदर लावून बसायच्या. दोन्ही पंख, शेपूट, सगळं त्यांनी चढवलं.

रविवारी त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली. ऑटोत एकच घोकणं, "कापडाचं विचारतील का ग कोण?" मी म्हटलं, विचारतील की, न विचारायला काय झालं.

हॉलमध्ये मात्र जो येतो तो एकच विचारतो, "मिस्टरांनी केलं का?" मिस्टर बाजूला चुरमुरी खात उभे. या माणसाला स्क्रू कुठल्या बाजूनं फिरवायचा ते माहीत नाही, आणि लोक पंखाच्या मापांबद्दल त्याला विचारतायत! माझं टाळकंच सरकलं.

तेवढ्यात परीक्षक आले, धारवाडचे एक वयस्कर गृहस्थ. पंखावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाले, "एल्ला नीवऽ माडीरेन्री?" म्हणजे सगळं तुम्हीच केलंत का. मी फाडकन म्हटलं, हो, सगळं मीच, एकटीनं! त्यांनी परत विचारलं, कापडसुद्धा?

कापडसुद्धा, म्हटलं मी.

आत्ती माझ्या शेजारीच होत्या. पदर सारखा करून बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी... ते तसंच मिटलं. मग पलीकडच्या टेबलावरचं हेलिकॉप्टर बघायला लागल्या.

लाज वाटते ती याची, की मदतीला कुणी असेल तर त्याचं नाव सांगायची या प्रदर्शनांत मुभा आहे. सांगितलं असतं तर माझं काडीचं काही जात नव्हतं. सकाळपासून लोक माझी मेहनत नवऱ्याच्या नावावर घालत होते म्हणून मी फणफणत होते. आणि मी काय केलं? आत्तींची मेहनत माझ्या नावावर घातली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

नंतरही बोलता आलं असतं. पण नंबर लागला, टाळ्या झाल्या, मी गप्प. फोटोसाठी आत्तींचा हात धरला तर म्हणाल्या, "तू एकटी उभी रहा." टाळ्या मात्र सगळ्यात जोरात त्यांच्याच होत्या.

सोमवारी सकाळी शेजारच्या अक्कांना त्या कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या सुनेनं केलंय बघा, सगळं एकटीनं." टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर भांडून मोकळी तरी झाले असते. दाराआड उभी राहून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षकांना फोन करून खरं सांगितलं. विमानाच्या माहितीच्या कार्डावर आत्तींचंही नाव घालू म्हणाले. पण चारचौघांत बोललेलं फोनवर कसं पुसायचं... म्हणून इथं चारचौघांतच लिहितेय. माझ्या विमानाच्या पंखावरचं कापड माझ्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी लावलंय. मी दुसरं टोक धरलं होतं.

हे टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मग चष्मा लावला, विमान अलगद उलटं केलं आणि डाव्या पंखाखाली बोट ठेवलं.

"हितं एक चुणी राहिलीय. तुझ्या त्या परीक्षकाला दिसली नाही. ती पण माझीच, लिही."

लिहिलं, आत्ती.