खणाची किल्ली

आमच्या ह्यांना झाकण दिसलं की ते उचलल्याशिवाय चैन पडत नाही. मग ते गॅसवरच्या पातेल्याचं असो नाहीतर शेजाऱ्यांकडे आलेल्या खोक्याचं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, त्यामुळे डोळ्याला भिंग लावून बघायची सवय हाडीमासी खिळलेली. असा माणूस मुंग्या पाळणाऱ्यांच्या नादी लागावा, याला काय म्हणावं!

हो, मुंग्या पाळणारे. फोनवर त्यांचा जेमतेम चाळीस जणांचा ग्रुप आहे. त्यात एक नर्स आहे, एक बस चालवणारा आहे, आणि सगळ्यांना दटावणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे मुंगीआजी म्हणतात. कोणी कोणाला पाहिलेलं नाही. पण 'आमच्या राणीने आज अंडी घातली' असं एकाने लिहिलं की बाकीचे घरात बाळ झाल्यासारखे नाचतात. मी तर कपाळावर हातच मारून घेतला होता. ओट्यावरच्या मुंग्यांना मी पावडर टाकते, आणि आमचे हे त्यांची बाळंतपणं करायला निघालेले.

या राण्या वर्षातून एकदाच उडतात. जमिनीवर उतरल्या की आपले पंख आपणच मोडून टाकतात आणि अंधारात स्वतःला कोंडून घेतात. अशी एक ह्यांना दुकानाच्या पायरीवर सापडली. काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा, असं तिचं बिऱ्हाड थाटलं. ग्रुपचा नियम एकच: अंधारात ठेवा आणि बघू नका. पण न बघणं आणि आमचे हे! उठता बसता भिंग घेऊन हजर. उजेडाने नि हिसक्यांनी बिथरून राणीने आपलीच अंडी खाल्ली, आणि पुढे तीही गेली.

ह्यांनी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. मला वाटलं, आता लोक धू धू धुणार. तर मुंगीआजींचं उत्तर आलं, 'आमच्यातल्या बहुतेकांनी पहिली राणी बघून बघूनच मारली आहे. पुढच्या वर्षी किल्लीवाला नेमा.'

किल्लीवाला म्हणजे, राणीची नळी टेबलाच्या खणात ठेवून, खण कुलूपबंद करून किल्ली ज्याच्या हवाली करायची तो. आमच्या घरात दुसरं माणूस मीच.

वर्षभर हे थांबले. दुसरी राणी मिळाली तेव्हा नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "हिला काही झालं ना, तर माझ्या हाताला यश नाही असंच समजेन," म्हणाले. "पुन्हा या वाटेला जाणार नाही." एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. खण बंद झाला आणि किल्ली मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

तेव्हा मला ग्रुपची आणखी एक रीत कळली. कोणाची राणी अंधारात गेली की तिला सोबत म्हणून प्रत्येकाने टायमर लावलेला फोन आपल्या खणात बंद करून एक फोटो काढायचा आणि पाठवायचा. एकामागून एक काळेकुट्ट फोटो येऊ लागले आणि हे प्रत्येकाला 'वा, छान!' म्हणू लागले. हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग एकदम लक्षात आलं, कुठली कुठली माणसं आमच्या एका मुंगीसाठी आपापले खण उपसत बसली आहेत. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

पुढे रोजची कटकट. "अगं, एकदाच. नुसती फट कर."

"फटबिट काही नाही. कामाला जा."

हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. येता जाता खणावर फक्त हात ठेवायचे.

एका रविवारी मुंगीआजींनी लिहिलं, 'आता बघा.' मी किल्ली पुढे केली, तर हे खुर्चीतून उठेनात. "तूच बघ," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी खण ओढला. नळीत काहीच हलेना. मी आणखी खाली वाकले.

मग राणीच्या पोटाखालून काहीतरी सरकलं. एक मुंगी, फिकट, डोळ्यांत जाईल एवढीशी. तिच्यामागे दुसरी. एक आईला चाटत होती, एक पांढऱ्या अळीला उचलून कापसाकडे नेत होती. इतके दिवस त्या नळीत अन्नाचा कण गेला नव्हता. राणी पंखांचे स्नायू अंगातच विरघळवते आणि त्यावर पोरं वाढवते, हे ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं. आता अंगावर काटा आला. देवाशपथ सांगते, एवढं मोठं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"गेली ना?" भिंतीकडे बघतच हे म्हणाले.

"अहो, या इकडे! लेकुरवाळी झाली!"

ते आले. भिंग न लावता एकदाच बघितलं. डोळे भरून आले होते. आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने खण हळूच आत ढकलला.

"अहो, थांबा ना! ती एक पाणी पीत होती..."

"पुरे. त्यांना उजेड सोसत नाही."

संध्याकाळी मी तिसऱ्यांदा त्या खणापाशी घुटमळताना सापडले. त्यांनी हात पुढे केला. मी निमूटपणे गळ्यातून किल्ली काढून दिली.