कवडूने टाकलेला फोटो

मला लिहायची सवय नाही, चुकेलही. पण कवडूबद्दल दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

कवडू आमच्या गावचा कोतवाल. मोहाडी तहसीलचा निरोप आला की डफडे वाजवून तो गावभर पोचवायचा. तीन वर्षांपूर्वी कृष्णरावांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. सोळा वर्षांच्या पोराने ती फोडून तांब्याची तार भंगारात विकली होती. त्याचे नाव लिहीत नाही, कायदाही लिहू देत नाही. पण तो सापडला त्या दिवशी कवडूनेच त्याच्या हातात फुटकी मोटार देऊन फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. ते त्याला आपले कामच वाटले.

बाल न्याय मंडळाने पोराला काही दिवस निरीक्षणगृहात ठेवले, समज दिली आणि बापाच्या हमीवर घरी पाठवले. पुढे तो जळालेली मोटार नव्या तारेने बांधायला शिकला. हात चांगला. पण काम मागायला जाई तिथे फोटो आधीच पोचलेला.

हे कवडूला लागले. तो घरोघर जाऊन फोटो पुसायला सांगू लागला. लोक हो म्हणत. एकाने तर पुसता पुसता पुन्हा ग्रुपवरच टाकला. माझ्या फोनमधला कवडूनेच पुसला, मला येत नव्हते.

शेवटी मोहाडीचे मोटार दुरुस्तीवाले नंदलाल म्हणाले, कृष्णरावांनी स्वतःची मोटार या पोराकडे बांधायला दिली तर मी त्याला ठेवतो. आम्ही दोघे कृष्णरावांकडे गेलो. कवडूने बराच वेळ विनवले.

"पोट्ट्याले समजावलं, काम शिकवलं, बेस केलं," कृष्णराव म्हणाले. "त्या साली पान्याबिगर माये धानाचे पऱ्हे वारले. त्याचा फोटू काढला काय कोनी?"

"नाही काढला जी," कवडू म्हणाला.

"मंग?"

मोटार न घेताच कवडू उठला. मला चीड येते ती याचीच. पोराला सगळ्यांनी विचारले, कृष्णरावांना कोणी विचारलेच नाही.

दुसऱ्या दिवशी कवडू डफडे गळ्यात घालून चौकात आला. पोरगा सुधारला, फोटो पुसा, अशी दवंडी देणार होता. मला पाहून थांबला.

"भाऊ, नाव घेतलं तर विसरले त्यायलेई आठवन."

डफडे न वाजवताच तो घरी गेला. पोरगा सध्या वीटभट्टीवर आहे.