एक ते तीन, अर्धं शटर

आदरणीय दिवाकरराव कळंबे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते झोपलेले होते. आंबिया बहाराचा ऐन हंगाम, पांढुर्ण्याच्या त्यांच्या संत्र्याच्या गोदामासमोर ट्रक लागलेले, आणि मालक आत बाजेवर उताणे, तोंडावर दुपट्टा. मी सौसरला नुकतंच दुकान टाकलं होतं आणि मोठ्या व्यापाऱ्यांना नमस्कार करत हिंडत होतो. त्यांच्याकडे माल निवडणाऱ्या बायकांच्या प्रमुख शेवंताबाई, ज्या आजही तिथंच आहेत, त्यांनी मला अर्ध्या पाडलेल्या शटरखाली वाकून पाहताना धरलं. म्हणाल्या, "भाऊ झोपून राहिले. तीन वाजता या." घरी जाऊन मी कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "पांढुर्ण्याचा एक व्यापारी लवकरच बुडते पाह्य. भर सीझनमधी घोरून राहिला होता." त्या गोष्टीला अर्धं आयुष्य लोटलं. ते बुडायची वाट मी अजून पाहतो आहे.

त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या गौरव समितीने मला लिहायला सांगताना "आपण त्यांचे जुने स्नेही" असं पत्रात घातलं आहे. स्नेही हा शब्द समितीचा. माझ्या मनात जो शब्द आहे तो गौरवग्रंथात छापत नाहीत. पण पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत सगळ्या बाजाराला ठाऊक आहे की मी या माणसावर जळतो, तेव्हा लपवून तरी काय मिळणार! वाचकांनी हा लेख जळक्या माणसाचा म्हणूनच वाचावा. त्यात एक फायदा आहे. जळणारा माणूस खोटी स्तुती करत नाही.

दिवाकररावांच्या कामाविषयी आधी सांगतो. आमच्या धंद्यात फळ झाडावर असतानाच बगीचा विकत घेतात. व्यापारी बगीच्यात फिरतो, फळाचा अंदाज बांधतो आणि सौदा होतो. दिवाकरराव सकाळी उन्हाच्या आत जातात, एकटे, फोन गोदामात ठेवून. ज्या बगीच्यात स्वतःचे पाय लागले नाहीत तो ते घेत नाहीत, मग शेतकरी कितीही जवळचा असो. आणि आज पाहिलेल्या बगीच्याचा भाव ते आज बोलत नाहीत. उद्या बोलतात. शेतकरी विचारतो, "काहून जी, आज काय झालं?" तर म्हणतात, "आज पाह्यलं. आता घरी जातो, जेवतो, झोपतो. सकाळी जे आठवन ते खरं." मी हे ऐकून घ्यायचो आणि त्याच संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. असे कितीतरी बगीचे मी त्यांच्या हातून काढले. एकदा मुद्दाम त्यांना गाठून सांगितलं, "तो सावरगावचा बगीचा मी घेतला बरं का!" मला वाटलं, आता तरी यांच्या कपाळावर आठी पडेल. तर ते म्हणाले, "बरं केलं. मले तसंही या आठवड्यात जास्त झालं होतं." अहो, माणसाच्या तोंडचा घास काढला तर त्याने निदान रागवावं तरी! एवढा मान तर शत्रूलाही देतात.

मी दोन फोन बाळगायचो. एक चार्जर गाडीत, एक दुकानात, एक उशाशी. जेवताना ताटाशेजारी फोन, आणि कुंदा म्हणायची, "त्यालेच वाढू का?" बीपीची गोळी सुरू झाली, मग तिच्या जोडीला दुसरी आली. बगीचे मी त्यांच्या दुपटीने घ्यायचो आणि हंगाम संपल्यावर पाहावं तर ते माझ्या बरोबरीला, कधी पुढे. सडका माल माझा, भांडणं माझी, कोर्टाची वारी माझी. झोप त्यांची. सौसरच्या एका लग्नात फोटोवाल्या पोरानं मला म्हटलं, "आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसा, काका मागं उभे राहतील." मागे उभे राहणारे काका म्हणजे दिवाकरराव. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत. तो फोटो मी घरात लावू दिलेला नाही.

हे सगळं सहन केलं असतं. पण मग त्यांनी माझ्या मुलाला हात लावला.

निखिल, आमचा एकुलता एक, नागपूरला नोकरीत होता. दुकान कोण सांभाळणार हा माझ्या घरातला एकच प्रश्न. सुट्टीत आला की मी म्हणायचो, ये आता, बस गादीवर. त्याचं उत्तर ठरलेलं: "बाबा, तुमच्यासारखं जगायचं असन तर मी नाही येत." मी ज्याच्यासाठी मरमर करत होतो, तोच माझ्या मरमरीला घाबरून पळत होता.

असाच तो दिवाळीला घरी आला असताना ते प्रकरण झालं. तिगावजवळचा एक बगीचा मी न पाहता, फोनवरच घेतला होता. त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दिवाकररावांनी घेतलेला बगीचा. तोडणीच्या टोळीच्या मुकादमानं सकाळी मला विचारलं, "शेठ, धुऱ्याच्या कोणत्या अंगाचा?" माझ्या दुसऱ्या कानाला ट्रकवाला लागलेला. मी ओरडलो, "अरे तोडा ना, काय विचारत बसता!" त्यांनी तोडला. दिवाकररावांचा.

दुपारी कळलं तेव्हा मी टोळी होती तिथंच थांबवली. दुसऱ्याच्या बगीच्यात तोडणी म्हणजे आमच्या धंद्यात चोरीच. तोंड दाखवायला जागा राहत नाही. निखिलनं गाडी काढली, आम्ही पांढुर्णा गाठलं. एक वाजून गेला होता. शटर अर्धं.

"भाऊ झोपून राहिले," शेवंताबाई म्हणाल्या. "तीन वाजता या."

"अवो बाई, तिकडं त्यायचा बगीचा अर्धा तुटून गेला!"

"मंग? झोपमोड केल्यानं फळं झाडाले परत लागतीन का? बसा बाकावर. अन् तो फोन द्या इकडं, लय कोकलून राहिला तो."

त्यांनी माझे दोन्ही फोन घेतले आणि संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटमध्ये, पोत्याखाली ठेवून दिले. एवढ्या वर्षांत माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं. मी रागारागानं बाकावर बसलो. गोदामात गारवा होता, संत्र्याचा वास होता, आणि कोणीही मला काहीही विचारत नव्हतं. मी डोळे मिटले ते रागानंच मिटले, हे इथे नमूद करतो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या डोक्याखाली कोणीतरी दुपट्टा घडी करून ठेवला होता. शेवंताबाईंनी चहा आणून दिला आणि सांगितलं की भाऊ तीनला उठले, निखिलनं त्यांना सगळं सांगितलं आणि दोघं तिगावला जाऊनही आले. दिवाकररावांनी टोळीला हाती घेतलेली ओळ पुरी करायला लावली, माल आपल्या गोदामात आणवला आणि मुकादमाला सांगितलं, "माल माझा तुटला तर मजुरी माझी. उद्या माझी टोळी शेठच्या बगीच्यात जाईन." झालं! ज्या गोष्टीनं मी दोन वर्षं वकिलाचं घर चालवलं असतं, ती त्यांनी चहाच्या आधी मिटवली. "मले उठवलं काहून नाही?" मी विचारलं. तर शेवंताबाई म्हणतात, "भाऊनं सांगतलं, उठवू नका, लय दिवसाची झोप दिसते."

मी बाहेर आलो. दिवाकरराव आणि निखिल ट्रकच्या फळीवर पाय सोडून बसले होते, संत्री सोलत, आणि निखिल हसत होता. मोठ्यानं, मान मागे टाकून. हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना. माझ्या दुकानात तर कधीच नाही. बगीचा तुटला त्याचं मला जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं ते हसणं लागलं.

पुढच्या महिन्यात निखिलनं नोकरी सोडली. मी पेढे आणले. तो म्हणाला, "धंद्यातच येतो बाबा. पण शिकाले काकाजीकडं जातो." काकाजी म्हणजे दिवाकरराव. पेढे कुंदानं शेजारी वाटले, मी तोंडात घातला नाही. रोज सकाळी माझा मुलगा सौसरहून मोटरसायकलनं पांढुर्ण्याला जाणार, माझ्या दुकानावरून, हॉर्न वाजवून! शेवटी एक दिवस मी दिवाकररावांकडे गेलो. तीननंतर गेलो, एवढं शिकलो होतो. म्हटलं, "माझं पोरगं मले परत द्या."

"मी काय बांधून ठेवलं त्याले?" ते म्हणाले. "शेठ, तुमी दुपारी एक ते तीन शटर पाडा. तो आपोआप येते."

"अन् गिऱ्हाईक गेलं तर?"

"जाईन. मंग तीनले येईन. नाही आलं तर तेवढी धावपळ वाचली."

मला इतका संताप आला की परत येईपर्यंत मी गाडीत एकटाच भांडत होतो. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी शटर पाडलं. त्यांचं ऐकून नाही. त्यांचं म्हणणं खोटं पाडायला. आठवडाभर आत नुसता पडून आढ्याकडे पाहिलं. लोक शटर वाजवायचे, "शेठ, तब्येत बरी हाय ना?" म्हणून विचारायचे. नंतर वाजवेनासे झाले. तीनला यायला लागले, सगळे. गिऱ्हाइकाचं त्यांचं म्हणणं खरं निघालं याचा राग मला आजतागायत आहे.

मग एका दुपारी शटरखालून कोणीतरी वाकून आत आलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. पाऊल ओळखीचं होतं. निखिलनं माझे फोन उचलले, कॅरेटमध्ये पोत्याखाली ठेवले आणि बाकावर आडवा झाला. तो त्यानंतर पांढुर्ण्याला कामाला गेला नाही. आज आमचं दुकान तो पाहतो, आणि परवा ट्रकवाल्याशी बोलताना हसला. मी आत होतो. ऐकलं.

तरी गुरुवारी तो काकाजीकडे चहाला जातोच. जातो म्हणजे जातो.

सत्काराची वेळ ठरवायला समिती बसली तेव्हा मी मुद्दाम दुपारी दोन सुचवली. एकदा तरी त्यांना त्या वेळेला जागं पाहावं, एवढीच इच्छा. त्यांचा निरोप आला: "दोनले सुरू करा, भाषणं उरकून घ्या. मी साडेतीनले येतो." म्हणजे आम्ही केलेलं कौतुकही ते ऐकणार नाहीत.

दिवाकररावांना उदंड आयुष्य लाभो, निरोगी लाभो. ते तर लाभणारच, त्यांना काय धाड भरली आहे! परमेश्वराकडे माझं मागणं एवढंच, की मलाही तितकंच मिळावं, आणि ते सगळं निखिलच्या दुकानातल्या बाकावर मिळावं. त्यांच्याविषयी आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण निखिलनं आत्ताच शटर अर्धं पाडलं आणि म्हणाला, "बाबा, एक वाजला. पेन ठेवा." ठेवतो आहे. दिवाकररावांवर जळायचं अजून बरंच शिल्लक आहे. ते तीननंतर.