आईला मी नेलं नाही, ती आली

आईच्या तेराव्याला राणीसावरगावच्या आमच्या अंगणात शेवटची पंगत उठली आणि काका सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनीला परदेशात नेलं नसतं, तर आज इथं बसलेली असती." कुणी मान हलवली, कुणी माझ्याकडे बघून नजर खाली घातली. मी पत्रावळी गोळा करत होते, ती करत राहिले. अशा दिवशी भांडू नये एवढं मला कळतं. पण आता त्याला महिना उलटून गेलाय आणि काकांना उत्तर द्यायचं राहिलंय. उत्तर एवढंच, की आईला मी नेलं नाही. ती आली.

मी बारा वर्षांपासून नेदरलँड्समधल्या एका लहान गावात राहते. दिवाळीत व्हिडिओवर बोलताना माझी सात वर्षांची मुलगी ईरा आईला म्हणाली, "आजी, नाताळची सुट्टी लागायच्या आधी आमच्या शाळेत नाटक असतं. मी आहे त्यात. तू ये." लेकरं असं सगळ्यांनाच म्हणतात. आईनं मात्र विचारलं, "कोनत्या महिन्यात?" मी घाईघाईनं मध्ये पडले. तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती, ऑपरेशन झेपणार नाही असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना चढतानाही तिला धाप लागायची. हे सगळं मी तिला पुन्हा ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरला म्या इचारते. तू तिकीट बघ."

माझा भाऊ पूर्णेला रेल्वेत आहे. त्याला घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "विमानात काही झालं तर जबाबदार कोण?" आई म्हणाली, "अन् घरी बसून झालं तर कोन हाय?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विमानप्रवासाला हरकत नसल्याचं पत्रही दिलं. काकांनी घरी येऊन समजावलं, रागावून बघितलं, शेवटी अबोला धरला. आई बॅग भरत राहिली. माझ्या बाळंतपणाला येता यावं म्हणून काढलेला तिचा पासपोर्ट तेव्हा बाबांच्या आजारपणामुळे तसाच पडून राहिला होता. तो तिनं स्वतः ट्रंकेतून काढला.

हा हट्ट कुठून आला हे फक्त मला माहीत होतं. सातवीत असताना आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी चोरांना काठीनं पळवून लावणाऱ्या म्हातारीचं काम केलं होतं. आईनं स्वतःचं लुगडं मला नेसवलं, कपाळावर काजळानं सुरकुत्या काढल्या. पण ती बघायला आली नाही. आमच्या घरातल्या बायकांनी शाळेच्या पटांगणात जाऊन बसायचं नाही, असा आजोबांचा हुकूम होता. घरी परतले तेव्हा ती दारातच उभी होती. "करून दाखव ना मला," म्हणाली. मी दमले होते. लुगडं सोडून तिच्या हातात दिलं आणि झोपायला गेले. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

डिसेंबरात ती आली. अंगावर बाबांचा कोट, डोक्याला माकडटोपी, पायात दोन-दोन मोजे. नाटकाच्या आदल्या आठवड्यात ईराला काय काम मिळालंय ते कळलं, आणि माझं डोकं फिरलं. गाढव! तेही अर्धं. एका करड्या कापडाखाली दोन मुली, पुढं एक सोनेरी केसांची, आणि मागं वाकलेली ईरा. चिठ्ठ्या टाकून कामं वाटली, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मला ते खरं वाटेना. एवढ्या लांबून, जीव मुठीत धरून आलेल्या आजीला नातीचं तोंडही दिसणार नव्हतं. आईला मी काहीच सांगितलं नाही.

कार्यक्रम शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होता. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. गाढव आलं. आईला कसं सांगू याची मी जुळवाजुळव करत होते, तोच ती माझ्या कानाशी लागली, "मागचे पाय आपल्या ईराचे हायेत." मी चकित झाले. "तुला कसं कळलं?" "डाव्या पायावर भार टाकून उभी ऱ्हायली बघ. तू बी तशीच उभी ऱ्हातीस." आणि ती उठली. सगळा हॉल बसलेला, नाटक चालू, आणि माझी आई उभी राहून गाढवासाठी टाळ्या वाजवायला लागली. मागच्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला, आजींना बसायला सांगा म्हणाल्या. मी सांगितलं नाही. मीही उभी राहिले. कापडाच्या आतून ईराच्या हसण्याचा आवाज आला.

घरी आल्यावर आईनं ईराला तीन वेळा गाढव करायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तू." मी केस मोकळे सोडले, केरसुणी हातात घेतली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दिवाणखान्यात चोर हाकलले. एकही वाक्य विसरले नव्हते. आई एवढी हसली, की तिला खोकला लागला...

जानेवारीत ती गावी परतली. महिन्याच्या शेवटी गावातल्या शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांना गोळा करून ती पटांगणात गेली, सतरंजी अंथरून पुढंच बसली. काकांनी निरोप पाठवला, हे शोभत नाही म्हणून. आईनं निरोप आणणाऱ्या पुतण्यालाच शेजारी बसवून घेतलं. नंतर दोन आठवड्यांनी, दुपारी ओट्यावर हरभरा सोलता सोलता ती गेली. मांडीवरच्या सुपात अर्धे सोललेले घाटे तसेच होते.

तर काका, त्या प्रवासानं आईचे दिवस कमी झाले असतील, नसतीलही. मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. पण ते दिवस तिचे होते, आणि कुठं खर्चायचे हे तिनं ठरवलं. याची माफी मी मागणार नाही.

मी अजून गावीच आहे; काल आईच्या खोलीत कपाट लावत होते. शेजारच्या पारूबाई दारात आल्या. "शोभे, सातवीच्या पोरांचा निरोप समारंभ हाय. आमी समद्या जायलाव. ती सतरंजी दे बरं." खुंटीवर घडी करून टाकलेली सतरंजी मी काढून त्यांना दिली. तिच्या दशांमध्ये पटांगणातली माती अजून तशीच होती. पारूबाईंनी ती काखेत मारली, पदर खोचला, दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "येत न्हाईस व्हय? म्होरची जागा जाईल की."

मी कपाट उघडंच टाकलं आणि चपला शोधायला लागले.