गेटसमोरची जागा

आमची गाडी दिवाळीपासून जागची हलली नव्हती आणि तिच्यात काहीही बिघाड नव्हता.

बिघाड समोर होता. मुलुंडच्या आमच्या गल्लीत समोर पूर्वी बैठी चाळ होती, आणि तिथलं सर्वांत मोठं वाहन म्हणजे दूधवाल्याची सायकल. बिल्डरने चाळ पाडून टॉवर चढवला. पार्किंग प्रत्येकाला एक, गाड्या दोन. दुसरी आमच्या गल्लीत! मी शून्यातून हार्डवेअरचं दुकान उभं केलेला माणूस. खिळ्यांच्या भावातही माघार घेत नाही, मग गेटसमोरची जागा सोडतो होय? गाडी काढली की जागा गेली. म्हणून गाडी काढणंच बंद केलं.

भाचीच्या साखरपुड्याला आम्ही दिंडोशीला रिक्षाने गेलो. पैठणी सावरत बायको म्हणाली, "अहो, गाडी घेतलीय कशाला?"

"जागा धरायला."

"मग कुंडी ठेवायची. स्वस्तात झालं असतं."

(कुंडीही होती. गाडीच्या मागे. स्कूटरवाले घुसतात.)

टॉवरवाल्यांच्या काही गाड्याही तशाच पडून असायच्या. माझं टाळकं सटकलं. वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. "गल्लीत गाड्या धूळ खात पडल्यात, उचला."

"बघतो," साहेब म्हणाले.

"बघू नका, उचला."

रोज जाऊन हेच ऐकवलं. शेवटी साहेब टेकीला आले. "काका, पडीक गाडी ओळखायची कशी?"

"सोपं आहे. काचेवर धूळ, टायर बसलेला, बॉनेटवर मांजर."

काही दिवसांनी मी दुकानात असताना शेजारच्या कांबळेचा फोन आला. "अरे, तुझ्या तक्रारीचं काम झालं. क्रेन आलीय."

"झकास. टॉवरवाल्यांच्या उचलल्या?"

"त्यांच्या कशा उचलतील? त्यांचा वॉचमन रोज पुसतो ना. तुझी उचलली. मांजर उतरायला तयार नव्हतं."

"आणि तू नुसता बघत राहिलास?"

"सांगितलं ना यार, मालक ओळखीचा आहे म्हणून. तर म्हणाले, असेल, पण तक्रार करणारा म्हातारा फार तापट आहे, आम्हाला खाऊन टाकेल."

धापा टाकत पोचलो, तर जागेवर टॉवरच्या सेक्रेटरीची गाडी. कुंडी मात्र त्याने नीट बाजूला ठेवली होती. वर पाणीही घातलं होतं.

दंड भरून गाडी सोडवली. आता ती स्टेशनपलीकडे उभी असते. मी रोज सकाळी रिक्षाने जातो, काच पुसतो, मांजर हाकलतो आणि रिक्षानेच परत येतो. गाडी काढत नाही. जागा चांगली मिळालीय.